घोरपडींच्या जुन्या जखमा : उपचार प्रकल्पाच्या नोंदी, कोल्हापूर

२६ नोव्हेंबर

वडणग्याकडच्या एका फडात ऊसतोड चालू असताना कोयता लागलेली घोरपड आज दुपारी वनरक्षकांनी आणली. फडाच्या मालकाने वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन केला होता. घाव कालचा आहे, रात्रभर ती गोठ्यात पोत्याखाली होती. टोळीतल्या एका मावशींनी जखमेत हळद दाबून भरली होती आणि सकाळपर्यंत त्या पोत्याजवळून हलल्या नाहीत. "गरीब जितराब हाय, दवाखान्यात न्या त्याला" म्हणून सगळ्यांच्या मागे लागल्या. फडात सापडलेली घोरपड कित्येकदा थेट चुलीवर जाते. ही वाचली ती त्या मावशींमुळे, म्हणून त्यांचा उल्लेख इथे पहिल्यांदा.

वजन १ किलो ९०० ग्रॅम. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ४४ सेंटिमीटर. शेपूट जेमतेम ३५, म्हणजे टोक तुटलेलं. धड असती तर शेपूट धडापेक्षा लांब भरली असती. उजव्या कुशीवर सुमारे आठ सेंटिमीटरचा आडवा घाव, स्नायू दिसतोय, पण बरगड्यांच्या आत गेलेला नाही.

घाव आडवा आहे हे मुद्दाम लिहून ठेवते. डोक्याकडून शेपटीकडे जाणारी चीर लवकर मिळून येते, आडवी रेंगाळते. सापांमध्ये हे मोजून पाहिलेलं आहे. घोरपडीत तर प्रत्येक श्वासाला कूस फुगते आणि आडव्या घावाच्या कडा ओढल्या जातात.

अंग गार होतं. डॉक्टरांनी जखमेला लगेच हात लावला नाही. आधी ऊब, मग कोमट सलाइन, मग जखम. गार पडलेल्या घोरपडीच्या अंगात औषध नीट फिरत नाही आणि पाणी कमी झालेलं असताना अँटिबायोटिक दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. संध्याकाळी सिरिंजने कोमट सलाइनचा झोत मारून हळद धुवायला घेतली. बराच वेळ लागला. हळदीची पेंड स्नायूच्या फटींत घट्ट बसते आणि जखमेची खरी कड झाकते. मावशींच्या मायेबद्दल शंका नाही, पण घोरपडीच्या उघड्या जखमेत हळद, चुना, डिझेल, काहीच घालू नये. स्वच्छ ओलं फडकं वर ठेवावं आणि फोन करावा.

टाके घातले नाहीत. एक दिवस उघडी राहिलेली, माती गेलेली जखम शिवून बंद केली की घाण आत कोंडते. ती उघडी ठेवून तळापासून भरू द्यायची असं ठरलं.

२७ नोव्हेंबर

एक्स-रे झाला. घोरपडीला एक्स-रेसाठी भूल लागतेच असं नाही. बंद डोळ्यांवर कापसाचे बोळे ठेवून वरून सैल पट्टी गुंडाळली की डोळ्यांवरच्या हलक्या दाबाने हृदयाचे ठोके मंदावतात आणि ती निपचित पडते. तेवढ्यात दोन प्लेट निघतात.

या प्लेटवर एका प्राण्याच्या किती वर्षांची हकिगत निघाली! डाव्या बाजूच्या तीन बरगड्या कधीतरी मोडून जुळलेल्या, जुळल्या तिथे हाड जाड झालंय. डाव्या खांद्याच्या स्नायूत एअरगनचा छर्रा. कमरेभोवती बाहेरून दिसणारा, सगळीकडे सारख्याच रुंदीचा व्रण आहे, तो फासकीचा. डुकरासाठी आणि सशासाठी बांधावर तारेचे फास लावतात, त्यात घोरपडी अडकतात. तार आत राहिलेली नाही, ही एक्स-रेने दिलेली सगळ्यात चांगली बातमी. मागच्या उजव्या पायाचं एक बोट नाही.

यातल्या कशालाही हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी ठरवलं आणि मला ते पूर्ण पटतं. छर्ऱ्याभोवती शरीराने स्वतःच जाड आवरण बांधलंय, तो स्नायूत आहे आणि पाय नीट हलतोय. सांध्यात किंवा पोटात असता तर काढावाच लागला असता. शेपटीचं थुटूक गोल आहे, बारीक खवल्यांनी पूर्ण मढलेलं, दाबलं तर मऊ किंवा गरम लागत नाही. पालीची शेपूट तुटली की नवी येते, घोरपडीची येत नाही. तिच्या शेपटीच्या मणक्यांत तशी तुटण्याची जागाच नसते. कुत्र्याने तोडली की तुटलीच. पण जे मिटलंय ते मिटलंय. बचावाचं काम करणाऱ्या नव्या मुलांना व्रण दिसला की औषध लावायची घाई होते. जुन्या व्रणाबाबत विचारायचे प्रश्न वेगळे असतात: खाली काही टणक लागतं का? कात टाकताना तिथे अडकते का? तो अवयव काम करतो का? तिन्हींची उत्तरं ठीक असतील तर मलम डब्यातच राहू द्या.

३० नोव्हेंबर

खोलीत रात्री पारा चांगलाच उतरतोय, थंडी सुरू झाली. पिंजऱ्याची एक बाजू ३४ अंशांवर, दुसरी २७ वर ठेवली आहे. दिव्याखालच्या फरशीचा पृष्ठभाग ४५ च्या वर आहे. तो तापमान मोजायच्या गनने रोज बघायचा, अंदाजाने नाही. दिवा जाळीच्या बाहेर, घोरपडीचं अंग कुठूनही टेकणार नाही असा. रात्री सिरॅमिक हीटर, २४ च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

जखम भरण्यात औषधाचा वाटा किती आणि उबेचा किती, असं कुणी मला विचारलं तर मी उबेच्या बाजूने भांडेन. घोरपडीच्या रक्तातल्या पेशींना जंतूंशी लढायला, कातडीच्या पेशींना कडेवरून आत सरकायला, पोटातलं अन्न पचायला, सगळ्यालाच बाहेरची उष्णता लागते. उन्हाला बसायची घोरपड स्वतः ३३ ते ३५ अंशांच्या आसपास अंग राखते. तिला गार खोलीत ठेवून महागडी इंजेक्शनं देत राहणं म्हणजे तिचा आणि आपला वेळ घालवणं.

सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक चालू आहे, ७२ तासांनी एकदा. पुढच्या पायाच्या स्नायूत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांत मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं. म्हणून इंजेक्शन पुढे द्यायची शिस्त आहे.

खाली माती नाही, कोरा कागद. बिळात शिरल्याशिवाय तिला चैन पडत नाही, म्हणून आडवं कौल ठेवलंय. पहिल्यांदा खाल्लं: दोन खेकडे, कवचासकट.

५ डिसेंबर

ड्रेसिंग जागेवर राहत नव्हतं. घोरपडीचं अंग मध्ये जाड आणि दोन्हीकडे निमुळतं, पट्टी फिरून फिरून मानेत येते. शेवटी मोज्याचा वरचा भाग कापून, पुढच्या पायांसाठी भोकं पाडून अंगात चढवला आणि खाली गॉज ठेवलं. हे टिकलं.

आजचं ड्रेसिंग मी धरलं होतं. एक हात मानेमागे, दुसरा कमरेवर, शेपूट कोपराखाली दाबलेली. ती फुत्कारते तेव्हा गळ्याची पिशवी फुगते आणि तो आवाज छातीपर्यंत जाणवतो. डॉक्टरांनी गॉज सलाइनने भिजवून सोडवलं. ओढलं नाही. खाली तळ लाल, बारीक दाणेदार आणि ओलसर. वास नाही. वरच्या कडेला दीडएक मिलिमीटरची राखाडी, चकचकीत पट्टी, ती नवी कातडी. खालच्या कडेला मात्र एक पिवळट तुकडा होता. डॉक्टरांनी तो चिमट्याने उचलला, तर तो आख्खा सुटून आला.

घोरपडीत पू वाहत नाही, घट्ट होतो. सस्तन प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी ज्या विकरांनी (एन्झाइम) पू पातळ करतात ती यांच्या पेशींत नसतात. म्हणून गळू फोडून पिळायचा आपला नेहमीचा मार्ग इथे चालत नाही. आत शिळ्या पनीरसारखा गोळा असतो आणि तो आवरणासकट काढावा लागतो.

धुण्यासाठी पोव्हिडोन आयोडीन फिका रंग येईपर्यंत पातळ करून, नंतर पुन्हा सलाइन. हायड्रोजन पेरॉक्साइड अजिबात नाही. फेस बघून समाधान वाटतं, पण नव्या पेशी मरतात. वर सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा पातळ थर.

हात साबणाने धुणं सगळ्यांना सक्तीचं. घोरपडीच्या विष्ठेत साल्मोनेला हा जंतू असू शकतो.

११ डिसेंबर

दुसरी घोरपड आली, शहरातल्या एका घरातून. वन विभागाने ताब्यात घेतली. बारावीतल्या मुलाने हातभर लांबीची असताना आणलेली आणि गच्चीवरच्या जाळीच्या खुराड्यात वाढवलेली. मुलगा सोबत आला होता, डोळे लाल झालेले. "ताई, म्या तिला कवा मारलं न्हाई. रोज बोनलेस आणून घालत हुतो." तो खरं बोलत होता. स्वतःच्या पॉकेटमनीतून त्याने हे केलं होतं.

कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. पाळता येत नाही, पकडता येत नाही, गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. पुढचं वन विभाग बघेल. मी त्या मुलाजवळ बसले आणि त्याला एकेक जखम दाखवली, कारण त्याला ते कळणं मला गरजेचं वाटलं.

नाकाचा शेंडा जाळीवर घासून घासून खवलेच उरलेले नाहीत, वर राठ कातडी. बाहेर पडायची वाट ती रोज शोधत होती, त्याची ही खूण. पाठीवर तळहाताएवढा जुना भाजल्याचा व्रण आहे. थंडीत खुराड्यात बल्ब सोडला होता आणि ती त्याला चिकटून बसायची. गार अंगाच्या प्राण्याला पाठ जळतेय हे वेळेवर उमगत नाही. तीन बोटांच्या टोकांवर जुन्या कातीची कडी आवळलेली, त्यातली दोन टोकं सुकून काळी. पुढचे दोन्ही पाय कोपरापाशी वाकलेले. आणि खालच्या जबड्याला उजवीकडे एक टणक गाठ.

मुलगा शेवटी एवढंच म्हणाला, "मला वाटलं वाकडे पाय तसलेच असतात."

१३ डिसेंबर

घरातल्या घोरपडीचा एक्स-रे. हाडांच्या भिंती पातळ, वडणग्याच्या घोरपडीशेजारी प्लेट ठेवली तर फरक नजरेत भरतो. दोन्ही पुढच्या पायांत जुने मोड, वाकडेच जुळलेले. कारण आहारात आहे. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नाममात्र. जंगलात ती उंदीर हाडांसकट गिळते, खेकडे, गोगलगायी, शेणकिडे, अंडी खाते. बोनलेस चिकनमध्ये हाडच नाही. वर खुराड्यावर पत्रा, ऊन नाही. शरीर मग हाडांतून कॅल्शियम काढतं, हाड उडी मारतानासुद्धा मोडतं.

वाकडं जुळलेलं हाड पुन्हा मोडून सरळ करायचं नाही. आधी हाडात जीव येऊ दे. कॅल्शियम, यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांची) ट्यूब आणि कोवळं ऊन सुरू. काचेतून आलेलं ऊन नाही, काच यूव्हीबी अडवते.

१७ डिसेंबर

जबड्याची गाठ काढली. भूल दिल्यावर वरची कातडी लांबीच्या दिशेने कापली. खाली पांढरट पिवळा, मोठ्या बोराएवढा गोळा, भोवती चिवट आवरण. आवरणासकट निघाला, तळ खरवडून घेतला. हाडापर्यंत गेलेला नव्हता. सुरुवात बहुधा नाक घासताना तोंडाच्या कडेला पडलेल्या चिरेपासून. बाहेरची चीर कधीच बुजली आणि आत हे वाढत राहिलं. मिटलेल्या व्रणाखाली टणक लागतं का, हे बोटाने चाचपून बघायला मी वर लिहिलंय ते यासाठीच.

इथे मात्र टाके घातले. सरपटणाऱ्या प्राण्यांची कातडी कडेला आत वळते, म्हणून टाका असा घ्यायचा की कडा बाहेर उमलतील. हे टाके निदान सहा आठवडे राहतील. कुत्र्यामांजराचे दहा दिवसांत काढायची सवय असलेल्या कुणी घाईने काढू नयेत म्हणून पिंजऱ्यावर तारीख चिकटवली.

३ जानेवारी

थंडी. दोघींचं खाणं कमी, वजन टिकून. वडणग्याच्या घोरपडीच्या जखमेवर आता एकसंध तपकिरी खपली, मोजा काढून टाकला. कडा उचलली जाते तिथे खाली गुलाबी, कोरडी कातडी दिसते. खपलीला हात लावायचा नाही. ती कातीबरोबर जाईल.

१९ जानेवारी

कात. घोरपड सापासारखी अखंड कात टाकत नाही, तुकड्यातुकड्यांनी निघते. जखम झाल्यावर कात लवकर लवकर पडते असं दिसतं. वडणग्याच्या घोरपडीची खपली कुशीवरच्या तुकड्यासोबत आली. खाली आठ सेंटिमीटरच्या जागी पाचएक सेंटिमीटरचा गडद पट्टा. खवले आहेत, पण बारीक आणि वेडेवाकडे, मूळची नक्षी परत येत नाही.

घरातलीचं काम कष्टाचं. भाजलेल्या व्रणावर कात चिकटून बसली. तिथली कातडी ताणत नाही, कडेला भेगा पडतात. ओलं शेवाळ भरलेला झाकणाचा डबा ठेवला आहे, तिने आत जाऊन बसावं म्हणून. बोटांवरची कडी कोमट पाण्यात भिजवून कापसाच्या काडीने फिरवत फिरवत सोडवली. एक बोट वाचलं. दुसऱ्या दोघांची सुकलेली टोकं आपोआप गळतील. रक्त येत नाही तोवर कापायची नाहीत.

१० फेब्रुवारी

जबड्याचे टाके काढले. रेषा बारीक, खाली काही लागत नाही.

आज भेटायला आलेल्या एका आजोबांनी खेळणा किल्ल्याची, म्हणजे आपल्या विशाळगडाची, आणि घोरपड्यांच्या आडनावाची दंतकथा सांगितली. घोरपडीला दोर बांधून तट चढल्याची. मग म्हणाले, "हिच्या तेलानं गुडघं मोकळं हुत्यात म्हनं." त्यांना शांतपणे सांगितलं की तेलात तसला काही गुण नाही. त्या तेलापायी, मांसापायी आणि 'हत्था जोडी' म्हणून झाडाचं मूळ सांगून विकल्या जाणाऱ्या सुकवलेल्या अवयवापायी घोरपडी मारल्या जातात. ते मूळ नसतं, नराचं जननेंद्रिय असतं. आजोबा बराच वेळ पिंजऱ्यासमोर थांबले. जाताना म्हणाले, घरी आमच्या पोरांना सांगतो.

४ मार्च

वडणग्याच्या घोरपडीची चाचणी. मोठ्या आवारात सोडली. बाभळीच्या खोडावर चढली, उजवी कूस ताणली गेली तरी व्रण फाटला नाही. मातीत पुढच्या पायांनी उकरून अर्धं अंग आत. पाण्याच्या हौदात टाकलेला खेकडा पोहत जाऊन पकडला. शेपूट आखूड असल्याने पोहताना वळायला थोडा वेळ लागतो. तिच्या शेपटीचा फटका मात्र माझ्या पायावर बसला तो दिवसभर दुखला. माणूस दिसताच दूर पळते, हेही लिहिण्याजोगं.

छर्रा, फासकीचा व्रण, तुटकी शेपूट, नसलेलं बोट. हे सगळं घेऊन ती कोयता लागेपर्यंत धष्टपुष्ट होती. म्हणून दिसण्यावरून तिला इथे ठेवून घेण्याला माझा विरोध होता आणि तो मी बैठकीत मांडला. वन विभागानेही सोडायचा निर्णय दिला.

१२ मार्च

सकाळी ऊन तापल्यावर सोडली. मूळ जागेजवळच, ओढ्याकाठी, जिथे वारुळं आहेत आणि तोड संपलेली आहे. नेमकी जागा इथे लिहीत नाही, शिकार करणारेही वाचतात. गळ्यावरच्या ठिपक्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि कुशीवरच्या नव्या व्रणाचं माप फाइलला जोडलं. पुन्हा कधी आली तर ओळख पटावी. फडाच्या मालकांनी बांधावरचे फास काढून टाकायचं कबूल केलं आणि समोर दोन काढले. टोळी पुढच्या गावाला गेलेली, त्यामुळे मावशींना निरोप मालकांमार्फत.

२० मार्च

घरातली घोरपड. वजन ७४० ग्रॅमवरून ९१० वर. नव्या प्लेटवर हाडांच्या भिंती जाड होताना दिसतात, पण पुढचे पाय वाकडेच राहणार. चढताना घसरते, उकरताना दमते. माणसाचा हात दिसला की जवळ येते, हे तिच्यासाठी धोक्याचं आहे. तिला सोडता येणार नाही असा अहवाल डॉक्टरांनी आज दिला. कायमच्या संगोपनासाठी मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाची परवानगी मागणारं पत्र वन विभागाकडे गेलं. तोवर ती इथेच.

पाठीच्या व्रणाला दर कातीनंतर तपासायचं. भेग दिसली तर सलाइन आणि पातळ मलम, एवढंच. पुढचा एक्स-रे जूनमध्ये. सरपटणाऱ्या प्राण्यांचं हाड भरायला महिनोन्महिने घेतं, त्याआधी पुन्हा प्लेट काढून उपयोग नाही. आहारात उंदीर आख्खे, खेकडे आठवड्यातून दोनदा, अंडं उकडून. तो मुलगा रविवारी गोगलगायी आणून देतो म्हणालाय. वनपालांना विचारलं, त्यांची हरकत नाही. फवारणी झालेल्या शेतातल्या आणायच्या नाहीत हे त्याला समजावून सांगितलं आहे.